दोनदा जळालेल्या वेल्डिंग मशीनची दुरुस्ती : उद्यमनगरातील दुकानाचा अनुभव

गोठ्याचे गेट, टाकीचा स्टँड आणि शेतातली किरकोळ कामे घरीच करता यावीत म्हणून घेतलेले माझे २०० अँपिअरचे सिंगल फेज इन्व्हर्टर वेल्डिंग मशीन गेल्या पावसाळ्यात बंद पडले. बटण दाबताच घरातला एमसीबी पडत होता. जवळच्या एका कारागिराने आतले दोन आयजीबीटी (वीज वेगाने चालू-बंद करणारे ट्रान्झिस्टर) बदलून ते सुरू करून दिले, परंतु तिसऱ्या दिवशी मोठा आवाज होऊन ते पुन्हा जळाले. त्यानंतर मी ते कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरातील या दुकानात आणले.

येथील मिस्त्रींनी मशीन माझ्यासमोर उघडले. वायर काढून ठेवल्यावरही आतल्या मोठ्या कॅपॅसिटरमध्ये तीनशेहून अधिक व्होल्ट राहू शकतात, म्हणून त्यांनी आधी ते बल्बच्या साहाय्याने रिकामे केले आणि मीटरवर शून्य दिसल्याखेरीज कशालाही हात लावला नाही. आतल्या कार्डावर, म्हणजे सर्किट बोर्डावर, ग्राइंडरची लोखंडी भुकटी साचली होती. ती विजेची वाहक असल्यामुळे आयजीबीटीच्या पायांमध्ये अडकून शॉर्ट होऊ शकते, हे त्यांनी भिंगाखाली दाखवले. मी त्याच शेडमध्ये मशीनशेजारी ग्राइंडर चालवत होतो, त्यामुळे त्यांचे म्हणणे मला तत्काळ पटले.

पहिली दुरुस्ती का टिकली नाही, हेही येथेच कळले. आयजीबीटी जळताना त्याच्या गेटकडे (त्याला चालू-बंद करणाऱ्या पायाकडे) जाणारे रेझिस्टर आणि जादा व्होल्टेज रोखणारा झेनर डायोड बहुधा सोबत घेऊन जातो. ते तसेच ठेवून वर नवा आयजीबीटी बसवला, तर त्याला योग्य सिग्नल मिळत नाही आणि तोही जातो. या दुकानात चारही आयजीबीटी काढून, केवळ कंट्रोल कार्डाला सप्लाय देऊन, प्रत्येक गेटवरचा सिग्नल ऑसिलोस्कोपवर, म्हणजे सिग्नलचा आलेख दाखवणाऱ्या यंत्रावर, तपासला गेला. एका जागी तो अगदीच क्षीण होता. तेथील रेझिस्टर व झेनर बदलल्यावर चारही सिग्नल सारखे दिसू लागले आणि त्यानंतरच एकाच कंपनीचे चार नवे आयजीबीटी हीट सिंकवर (उष्णता बाहेर टाकणाऱ्या धातूच्या पट्टीवर) नवी पेस्ट लावून बसवण्यात आले. पहिला सप्लायही थेट दिला नाही. मध्ये १०० वॅटचा बल्ब सीरिजमध्ये जोडला होता. तो क्षणभर उजळून मंदावला, म्हणजे आत शॉर्ट उरलेला नव्हता. शेवटी जाड पट्टीवर दहा नंबरचा, म्हणजे ३.१५ मिलिमीटरचा, रॉड जाळून क्लँप मीटरवर प्रवाह मोजून दाखवला. इतकी शिस्तबद्ध तपासणी मी अन्यत्र पाहिलेली नाही, आणि तिच्यासाठी मोजलेले १,८५० रुपये मला अजिबात जास्त वाटले नाहीत.

दोन तक्रारी मात्र नोंदवायला हव्यात. चार दिवसांचा वायदा असताना मशीन नवव्या दिवशी मिळाले आणि मधल्या काळात दुकानातून एकही फोन आला नाही. पावतीवर केवळ ‘मशीन दुरुस्ती’ एवढेच लिहिले असून बदललेल्या भागांची नावे नाहीत. एक महिन्याची हमीसुद्धा तोंडीच होती. जुने भाग पिशवीत घालून परत दिले, हे चांगले केले, पण हमी कागदावर असायलाच हवी.

मशीन परत देताना मिस्त्रींनी मी कोणती एक्स्टेंशन वायर वापरतो हे आवर्जून विचारले. माझी वायर १ चौरस मिलिमीटरची आणि ३० मीटर लांब होती. अशा तांब्याच्या वायरीत २० अँपिअरला जवळपास २० व्होल्ट वाटेतच खर्च होतात, आणि आमच्याकडे संध्याकाळी दाब आधीच कमी असतो. त्यांच्या सांगण्यावरून मी २.५ चौरस मिलिमीटरची वायर आणि १६ अँपिअरचा सॉकेट बसवला, ग्राइंडरही शेडच्या दुसऱ्या टोकाला नेला. त्याला आता चार महिने झाले. पूर्वी संध्याकाळी दहा नंबरचा रॉड पट्टीला सारखा चिकटत असे, तो आता पहिल्याच घासणीला पेट घेतो.