सिंकबॉक्स की लेआउट बोट?

बदकांच्या शिकारीत काठावर निदान लव्हाळ्यांचा आडोसा मिळतो. भर पाण्यात बदकांपासून लपायचं कुठे? अमेरिकेतल्या शिकाऱ्यांनी यावर दोन उत्तरं काढली.

पहिलं सिंकबॉक्स. शवपेटीसारखी लाकडी पेटी, भोवती पाण्यावर पसरलेले कॅनव्हासचे पंख. त्या पंखांवर लोखंडी नकली बदकं ठेवायची, म्हणजे वजनाने पेटी काठोकाठ बुडते. आत उताणा पडलेला माणूस चक्क पाण्याच्या पातळीखाली! मेरीलँडमध्ये सस्क्वेहाना नदी चेसापीक उपसागराला मिळते, तिथल्या उथळ पाण्यात एकोणिसाव्या शतकात कॅनव्हासबॅक बदकांची बाजारासाठी बेसुमार शिकार झाली, ती याच पेट्यांतून. लपण्यात हिला तोड नाही. पण जरा मोठी लाट आली की पाणी थेट आत. पेटी नेण्या-आणण्याची हमाली वेगळीच.

लेआउट बोट मात्र खरीखुरी होडी: बुटकी, उतरत्या कडांची, चमक नसलेल्या करड्या रंगाची. शिकारी हिच्यातही आडवाच, पण पाण्याच्या वर. संथ पाण्यावर तिचा उंचवटा दिसतो, बारीक लाटांत विरून जातो. बदकं वाऱ्याला तोंड देऊन उतरतात, म्हणून वाऱ्याकडे पाठ करून नांगरायचं. पडलेली बदकं उचलायला दूर दुसरी बोट लागतेच.

लपण्यापुरतं विचाराल तर माझं मत सिंकबॉक्सला. ती इतकी सरस ठरली, की १९३५ साली अमेरिकेने तिच्यावर बंदी घातली. लेआउट बोट आजही चालते.