जेना टीडीबी-२, आठ महिन्यांनंतर: अनुमानित ट्रिपल साठवताय? डिस्क बघा

गेल्या मंगळवारी सकाळी आमच्या शोधात ‘एल्फिन्स्टन’ (प्रभादेवी स्टेशनचं जुनं नाव) टाकलं तर काहीच येईना. रात्री डिस्क भरली होती, जुने निष्कर्ष पुसून झाले होते आणि नवे लिहायला जागाच नव्हती. मंडळींची थोडक्यात ओळख: ट्रिपल म्हणजे ‘हे – नातं – ते’ अशी तीन भागांची एक नोंद, जेना म्हणजे असे ट्रिपल हाताळणारं सॉफ्टवेअर, टीडीबी-२ हा त्याचा डिस्कवरचा डेटाबेस, आणि रीझनर हा नोंदींवरून नवे ट्रिपल, म्हणजेच निष्कर्ष, काढणारा भाग.

आमचं काम मुंबईतल्या ठिकाणांच्या नावांचं. आम्ही चौघे, खर्च खिशातून, सर्व्हरला महिना साडेआठशे रुपये. हाताने भरलेले ट्रिपल तीन लाख, रीझनरने काढलेले आणखी आठ लाख. व्ही.टी., १९९६ नंतरचं सीएसटी आणि २०१७ नंतरचं सीएसएमटी ही तिन्ही एकच म्हणून जोडली, की ओडब्ल्यूएलच्या (डेटातल्या नात्यांचे अर्थ सांगणाऱ्या भाषेच्या) नियमाने नुसत्या जोडणीचे नऊ ट्रिपल होतात (प्रत्येक नाव स्वतःसकट तिन्हींशी) आणि स्टेशनाबद्दलची प्रत्येक नोंद तिप्पट होते.

मग साठवायचं कशाला? कारण मूळ डेटा टीडीबीत असला तरी जेनाचा रीझनर आपले निष्कर्ष मेमरीत धरून ठेवतो. सर्व्हर बंद करून चालू केला की पहिल्यापासून सुरुवात. आमच्या चार जीबी रॅमला ते झेपेना. म्हणून रीझनर रात्री घरच्या लॅपटॉपवर चालवून निष्कर्ष सर्व्हरवर चढवू लागलो.

पहिले दोन महिने हे निष्कर्ष आमच्या नोंदींतच ओतत होतो. मग दादरने घोळ घातला. पश्चिम रेल्वेचं दादर आणि मध्य रेल्वेचं दादर ही आमच्याकडे दोन स्टेशनं. कुणीतरी ती ‘एकच’ म्हणून जोडली. मध्य रेल्वेच्या फलाटांना आठपासून पुढचे नंबर मिळाले ते डिसेंबर २०२३ मध्ये, आमच्या नोंदी त्याआधीच्या. त्यामुळे एकाच दादरला दोन ‘एक नंबर’ फलाट दिसू लागले. जोडणीची ओळ काढून टाकली, पुन्हा क्वेरी मारली, तरी उत्तर तेच! ओळ गेली होती, पण तिच्यातून निघालेले ट्रिपल जागचे हलले नव्हते. त्यात आमचं लिहिलेलं कुठलं आणि रीझनरने काढलेलं कुठलं, हे ओळखायची काही सोयच नव्हती. ते निवडण्यात दोन रविवार गेले. तेव्हापासून निष्कर्षांना वेगळा नेम्ड ग्राफ, म्हणजे नाव देऊन बाजूला ठेवलेला ट्रिपलचा गठ्ठा. तो रोज रात्री पूर्ण पुसायचा आणि नव्याने भरायचा. हे मात्र पहिल्या दिवसापासून करा, कळकळीने सांगतो.

पण रोजच्या या पुसण्या-भरण्यानेच डिस्क खाल्ली. टीडीबी-२ जुनी पानं (डेटाचे ठोकळे) जागच्या जागी बदलत नाही, नवी लिहितो. त्यामुळे भरणं चालू असताना वाचणाऱ्याला अर्धवट डेटा दिसत नाही, हा फायदा मोठा आहे. मात्र पुसलेल्याची जागा आपोआप मोकळी होत नाही. ५० जीबीच्या डिस्कवर ४१ जीबी एकट्या डेटाबेसचे!

सर्व्हरवाल्या कंपनीला तीन मेल केले. तिन्ही वेळा एकच उत्तर: मोठा प्लॅन घ्या. म्हणजे दुप्पट पैसे. डिस्कवर काय भरलंय हे बघायची तसदी कुणी घेतली नाही, याचा राग अजून गेलेला नाही.

शेवटी सर्व्हरचे लॉग पुसून थोडी जागा केली आणि टीडीबीकॉम्पॅक्ट, म्हणजे डेटाबेस आवळणारी आज्ञा, चालवला. जागा उलट आणखी कमी झाली! कॉम्पॅक्ट डेटा-०००२ नावाचं नवं फोल्डर बनवतो आणि जुनं डेटा-०००१ तसंच ठेवतो; जुनं जायला हवं असेल तर डिलीट-ओल्ड हा पर्याय द्यावा लागतो. जुनं फोल्डर काढलं आणि ४१ जीबीचा पाऊण जीबी झाला. मी दोनदा तपासून पाहिलं.

मंगळवारी मी टीडीबी-२ ला दोन स्टार देणार होतो. आता चार देतो. एक तारा कापला तो डिलीट-ओल्डसाठी. ही गोष्ट कॉम्पॅक्टने चालतानाच ठळक सांगायला हवी.

आणि सगळंच साठवायची गरज नव्हती, हेही याच आठवड्यात उमगलं. कुंभारवाडा धारावीत, धारावी जी-नॉर्थ वॉर्डात, वॉर्ड मुंबईत, ही साखळी क्वेरीतच सुटते. २०१३ च्या स्पार्कल १.१ (ट्रिपलना प्रश्न विचारायची भाषा) पासून प्रॉपर्टी पाथची, म्हणजे एकाच नात्यावरून पायरी-पायरीने पुढे जायची सोय आहे, नात्यापुढे अधिकचं चिन्ह दिलं की झालं. ते निष्कर्ष काढून टाकल्यावर आठ लाखांचे दोन लाख उरले. नावांच्या जोडण्या मात्र साठवलेल्याच ठेवल्या. २०१८ मध्ये प्रभादेवी झालं तरी लोक अजून एल्फिन्स्टनच टाइप करतात, आणि त्यांना उत्तर लगेच मिळायला हवं.

आता दर रविवारी पहाटे कॉम्पॅक्ट आपोआप चालतो, डिलीट-ओल्डसकट. प्लॅन तोच, साडेआठशेचा.