दहा महिन्यांनंतर: फोन चांगला, चार्जिंगचा मात्र लपंडाव

गेल्या दिवाळीत २२,००० रुपयांना घेतलेल्या फोनबद्दल हे लिहितेय. कंपनीचं नाव मुद्दाम देत नाही. जे झालं त्यातलं निम्मं माझ्या पर्सनं केलं, आणि तसं ते टाइप-सीच्या कुठल्याही फोनला होऊ शकतं.

आधी चांगलं सांगून टाकते. ५,००० एमएएचची बॅटरी माझा दिवस आरामात काढते. विक्रोळीहून सकाळची गाडी, फोर्टातलं ऑफिस, परतीच्या गर्दीत कानात गाणी, आणि रात्री दहाला ३० टक्के शिल्लक. कॅमेरा दिवसा छान, रात्री बेताचा. आवाज मोठा आहे. बास, बाकी या किमतीत सगळे सारखेच.

आता चार्जिंग.

फेब्रुवारीत पहिल्यांदा वाटलं काहीतरी बिनसलंय, तेव्हा काहीच बिनसलं नव्हतं. रात्रभर लावलेला फोन सकाळी ८० वरच अडकलेला. दोन दिवस चिडचिड केल्यावर लेकानं सेटिंगमध्ये बॅटरी जपण्याचा पर्याय दाखवला. तो चालू असला की फोन ८० टक्क्यांना स्वतःहून थांबतो. कुणाचा फोन बरोबर त्याच आकड्यावर रोज थांबत असेल तर आधी तिथे बघा. खरा बिघाड सहसा रोज एकाच आकड्यावर थांबत नाही.

खरा बिघाड आला मार्चमध्ये. सकाळी साडेसहाला उठले, फोन २३ टक्के. रात्री लावताना ३१ होता. म्हणजे रात्रभर वायर लटकलेली आणि बॅटरी उलट उतरलेली. त्या दिवशी दादरपर्यंत ९ टक्के झाले, आणि माझा पास मोबाइलमध्ये. फोन बंद पडला तर टीसीसमोर मी विनातिकीट. तिथून पुढे गेले तितका जीव मुठीत धरून मी आजवर प्रवास केला नव्हता.

घरी सगळ्यांनी आपापलं निदान केलं. सासूबाई म्हणाल्या, "अगं, बटण चालू केलं होतंस का?" हसू नका, तो मुद्दा अगदीच फुकट नव्हता. आमच्या कन्नमवार नगरातल्या जुन्या घरात पलंगामागचा पॉइंट सैल झालाय, त्यात अडॅप्टर मान टाकून लोंबतो. शेजारून ट्रक गेला तरी संपर्क सुटेल. तो पॉइंट सोडून स्वयंपाकघरातल्या मिक्सरच्या पॉइंटवर लावला. दोन दिवस बरं चाललं, तिसऱ्या दिवशी पुन्हा तेच.

मग वायर बदलली. तीन आठवडे फोन अगदी शहाण्यासारखा वागला. मी सुटकेचा श्वास टाकला आणि जुनी वायर कचऱ्यात टाकली. तिथेच चुकले. दोष वायरीतच होता अशी माझी खात्री झाली, आणि तो दोष अर्धाच होता हे कळायला मे उजाडला.

या चालू-बंदच्या दुखण्याचं हेच वाईट आहे. काहीही केलं तरी थोडे दिवस बरं वाटतं. पूर्ण बंद पडलेली वस्तू निदान खोटं बोलत नाही.

मेमध्ये लेकानं दोन-अडीचशे रुपयांचा यूएसबी मीटर आणला. अडॅप्टर आणि वायरीच्या मधे बसतो, वर व्होल्ट आणि अँपिअर दिसतात. वायर लावली, आकडा आला ९ व्होल्ट, १.७ अँपिअर. मग त्यानं फोनकडचं टोक नखानं जरासं वर उचललं. ०.००. सोडलं, ५ व्होल्ट, ०.४. पुन्हा दाबलं, पुन्हा ९. त्या लुकलुकणाऱ्या आकड्यांनी जे एका मिनिटात सांगितलं ते मला दोन महिने कळलं नव्हतं. अडॅप्टर ठीक, पॉइंट ठीक, गडबड फोनच्या तोंडाशी. (काही कंपन्यांचं स्वतःचं जलद चार्जिंग मीटर मधे आला की चालू होत नाही. आकडा लहान दिसला म्हणून लगेच घाबरू नका. बघायचं ते आकडा स्थिर राहतोय का एवढंच.)

मग टॉर्च मारून आत पाहिलं. टाइप-सीच्या भोकात मधे एक चपटी जीभ असते, तिच्या दोन्ही अंगांना मिळून २४ पिना. जिभेच्या तळाशी, अगदी आत, राखाडी गादी दिसली. फोन बंद केला, लाकडी टूथपिक चाकूनं आणखी पातळ केली आणि जिभेला न टेकता कडेकडेनं फिरवली. बाहेर आला तो ज्वारीच्या दाण्याएवढा घट्ट बोळा. त्यात माझ्या मरून ओढणीचा एक तंतू, बिस्किटाचा चुरा आणि वर पावडरचा वास! फोन पर्सच्या बाहेरच्या कप्प्यात तोंड खाली करून उभा ठेवायची माझी सवय. त्या कप्प्यात जे साठतं ते सगळं आत जात होतं, आणि दर वेळी वायर खुपसून मीच ते तळाशी ठासत होते. टाचणी वा सुई घालू नका. आतल्या पिना एकमेकींना खेटून असतात, धातू लागला तर खेळ खलास. तोंडानं फुंकूही नका, थुंकी आत जाते.

वायर बदलल्यावर तीन आठवडे का चाललं तेही मग कळलं. टाइप-सीत पकड धरणाऱ्या स्प्रिंगा फोनमध्ये नसून वायरीच्या टोकात असतात. झिजायचं ते स्वस्त वायरीनं झिजावं अशी ती योजना. नव्या वायरीच्या ताठ स्प्रिंगा कचऱ्यावर बसूनही पकड धरत होत्या. त्या जरा सैलावल्या आणि पुन्हा पहिले पाढे पंचावन्न. पोर्ट, म्हणजे फोनमधलं ते भोक, स्वतः १०,००० वेळा लावण्या-काढण्यासाठी बनवतात. दिवसाला तीनदा धरलं तरी नऊ वर्षं. सहा महिन्यांत "पोर्ट झिजला" असं कुणी म्हणालं तर आधी टॉर्च मागा.

साफ केल्यावर वायर "टक्" करून बसली. तो आवाज मी पहिल्या महिन्यानंतर विसरलेच होते.

इथे हे संपायला हवं होतं, पण जुलै आला. कुर्ल्याला पाणी भरलं, गाड्या थांबल्या, आणि मी भिजत घरी. फोन पर्समध्ये होता, पर्स ओली. रात्री वायर लावताच पडद्यावर इशारा, पोर्टमध्ये ओलावा आहे. सासूबाईंनी तत्परतेनं फोन तांदळाच्या डब्यात पुरला. प्रेमानं केलं, पण करू नये. ॲपलच्या सूचनांतही तांदळात ठेवू नका, बारीक कण आत जाऊन नुकसान होईल, असं लिहिलंय. तोंड खाली करून हलकेच झटकायचा आणि पंख्याखाली ठेवायचा. ओल्यात वीज सोडली की पिना गंजतात, म्हणून फोन चार्जिंग नाकारतो ते आपल्या भल्यासाठीच.

दुसऱ्या दिवशी कोरडा झाला, चार्ज झाला. आठवड्यानं नवंच लक्षण. वायर एका बाजूनं लावली तर चालते, उलटी करून लावली तर काहीच नाही. टाइप-सी दोन्हीकडून चालतं कारण वीज देणाऱ्या पिना दोन्ही अंगांना आहेत. वायर कुठल्या बाजूनं आली हे ओळखणाऱ्या सीसी नावाच्या पिना मात्र दोन, एकेका अंगाला एक. तीच वायर, तोच अडॅप्टर आणि एकाच बाजूनं चालत असेल तर फोनमधल्या त्या दोनातल्या एका पिनेवर संशय घ्यायचा. हे मला आधी माहीत असतं तर कंपनीच्या सेंटरवरचा अर्धा दिवस वाचला असता. तिथे काउंटरवरच्या मुलानं आतला स्टिकर लाल झालेला दाखवला, "पाणी गेलंय मॅडम, वॉरंटी नाही," म्हणाला आणि मदरबोर्डसकट ८,४०० चा अंदाज लिहून दिला. मीटरचं सांगायला लागले तर पुढचं टोकन पुकारलं.

शनिवारी ग्रँट रोडला उतरून इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानांचा लॅमिंग्टन रोड गाठला. दुकान कसलं, जिन्याखालचं टेबल. कारागिरानं मागचं झाकण गरम करून उघडलं आणि मला मायक्रोस्कोपमधून बघायला लावलं. "ताई, ही हिरवी दिसते ना?" एका पिनेवर हिरवट बुरशीसारखा थर, तांबं गंजल्याचा. बाकीच्या पिवळ्याधमक. मदरबोर्डला काही झालं नव्हतं. चार्जिंगचं तोंड खालच्या वेगळ्या छोट्या बोर्डावर असतं, त्याला ते सीसी बोर्ड म्हणतात (इथलं सीसी म्हणजे चार्जिंग कनेक्टर, मघाच्या सीसी पिना वेगळ्या). तो ७५० रुपयांत बदलला, पाऊण तास लागला.

एक मात्र नीट करा. पैसे देण्याआधी तिथेच उभं राहून तपासा. जलद चार्जिंगची खूण येते का (हलक्या बोर्डावर नुसतं संथ चार्जिंग होतं), दोन्ही बाजूंनी वायर चालते का, आणि एक फोन लावून माइक. बहुतेक फोनमध्ये माइकही त्याच बोर्डावर असतो. माझा पहिला बोर्ड जलद चार्ज करत होता, पण लेकाला माझा आवाज विहिरीतून आल्यासारखा. दुसरा लावला, तो ठीक निघाला.

घ्यावा का हा फोन? मी पुन्हा घेईन. सेंटरच्या भरवशावर नाही, पण घेईन. झाकण उघडल्यामुळे पाण्यापासूनचं कंपनीचं सील आता गेलंय, म्हणून उरलेला पावसाळा फोन दुधाच्या धुतलेल्या पिशवीत, तोंड वर करून. गाडीत पास दाखवताना पिशवीसकटच दाखवते. टीसी एकदा पिशवीकडे बघतो, एकदा माझ्याकडे, आणि पुढे जातो.