लहान मुलांची एआरटी: लोपिनाविर चालू ठेवायचं की डोलुटेग्राविरवर जायचं?

बहिणीचा मुलगा दीड वर्षाचा असल्यापासून माझ्याकडे आहे, त्याला एचआयव्ही आहे आणि एआरटी, म्हणजे एचआयव्हीची रोजची औषधं, चालू आहे, त्यामुळे यातलं बरंचसं मी एआरटी सेंटरच्या खेपा घालून घालूनच शिकलेय. आता ज्यांच्या घरात दोन-तीन वर्षांचं पोर औषधावर आहे आणि डॉक्टर म्हणतायत औषध बदलूया, त्यांच्यासाठी हे लिहितेय. निर्णय डॉक्टरांसोबतच घ्यायचा, पण काय विचारायचं हे तरी आपल्याला माहीत पाहिजे ना.

एक आधी समजून घ्या, तीन औषधांपैकी दोन बहुतेक तीच राहतात, अबाकाविर आणि लॅमिवुडिन, बदलतं ते तिसरं. जुन्या काळी ते नेविरापिन असायचं. सिरप स्वस्त, चवीला ठीक, पण आफ्रिकेतले सहा देश आणि भारत मिळून तीन वर्षांखालच्या मुलांवर जो मोठा अभ्यास झाला (२०१० आणि २०१२ मध्ये निकाल आले) त्यात २४ आठवड्यांत नेविरापिनवरच्या साधारण ४० टक्के मुलांचा उपचार फसला किंवा सोडावा लागला आणि लोपिनाविरवर हेच प्रमाण २० टक्क्यांच्या आसपास होतं. म्हणून लोपिनाविर आलं. नेविरापिनचा विषय माझ्यासाठी तिथेच संपतो, अगदी तान्ह्या बाळांचा अपवाद सोडून, त्यांचं खाली सांगते.

लोपिनाविर रिटोनाविरसोबत एकत्रच येतं (रिटोनाविर त्याचं रक्तातलं प्रमाण टिकवतं). काम चांगलं, त्याबद्दल तक्रार नाही. पण ते सिरप ज्याने पाजलंय त्यालाच कळतं. कडू म्हणजे किती कडू, त्यात ४२.४ टक्के अल्कोहोल, आणि दिवसातून दोनदा. आमचा बाटली बघितली की दात आवळायचा, मी आधी जिभेवर तूप-गूळ लावायचे, तरी अर्धं अंगावर सांडायचं आणि मग पोटात नेमकं किती गेलं हा हिशोबच लागायचा नाही. वर २५ डिग्रीच्या खालीच बाहेर ठेवता येतं आणि तेही दोन महिने, आपल्याकडे मे महिन्यात लाईट गेली की फ्रिज बंद, जीव टांगणीला. नंतर पेलेट्सच्या (बारीक दाण्यांच्या) कॅप्सूल आल्या, उघडून मऊ भातावर किंवा खिरीवर शिंपडायच्या, फ्रिजची कटकट नाही, पण चावल्या की परत कडू, आणि १० किलोच्या मुलाला सकाळी चार, रात्री चार. मोठी गोळी तर अख्खीच गिळावी लागते, कुटून दिली की औषध पुरेसं अंगी लागत नाही, हे मला कितीतरी दिवस कुणी सांगितलंच नव्हतं.

डोलुटेग्राविरची लहान मुलांची गोळी १० मिलीग्रॅमची, पाण्यात विरघळते, दिवसातून एकदाच. त्याच १० किलोच्या मुलाला दोन गोळ्या, आणि अबाकाविर-लॅमिवुडिनच्या विरघळणाऱ्या (१२०/६० वाल्या) पण दोनच, एकाच वेळी देता येतात. आणि हे नुसतं सोयीचं नाहीये, कामालाही सरस आहे. १४ किलोखालच्या ८५ मुलांच्या अभ्यासात ९६ आठवड्यांत डोलुटेग्राविरवर २८ टक्के मुलांमध्ये उपचार अपयशी ठरला, दुसऱ्या बाजूला ४८ टक्के, आणि त्या बाजूची बहुतेक मुलं लोपिनाविरवरच होती. माझं मत विचाराल तर वजन ३ किलोच्या वर आणि वय चार आठवड्यांच्या वर असेल तर हेच मागा. लोपिनाविरवर व्हायरल लोड (रक्तातलं विषाणूचं प्रमाण) दबलेला असला तरी बदलायला हरकत नाही, पोर रोज रडून औषध घेतंय हे कारण पुरेसं आहे, आज ना उद्या ते डोस चुकवायला लागतंच.

आता सांभाळायच्या गोष्टी, इथे घाई करू नका. टीबी झाला आणि त्यावरचं रिफाम्पिसिन हे औषध चालू असेल तर डोलुटेग्राविर दिवसातून दोनदा द्यावं लागतं, रिफाम्पिसिन बंद झाल्यावरही दोन आठवडे तसंच. (लोपिनाविरवर असतानाही टीबी झाला तर सोपं नाही, रिटोनाविर वेगळं वाढवावं लागतं.) फिट्सची औषधं चालू असतील तर पहिल्याच दिवशी सांगा, काहींमुळे डोलुटेग्राविर रक्तात कमी पडतं. अंगणवाडीतून लोहाचं सिरप किंवा कॅल्शियम मिळत असेल तर गोळी त्याच्या दोन तास आधी किंवा सहा तास नंतर, नाहीतर दोन्ही जेवणासोबत. आणि मोठ्यांची ५० ची गोळी तोडून छोट्याला द्यायची नाही, दोन्हींचा हिशोब वेगळा आहे, विरघळणारी ३० मिलीग्रॅम म्हणजे मोठ्यांच्या ५० च्या जवळपास.

अबाकाविर नव्याने चालू झालं असेल तर पहिले सहा आठवडे ताप, पुरळ, उलट्या एकत्र दिसल्या की लगेच सेंटर गाठा, आणि रिअ‍ॅक्शन म्हणून डॉक्टरांनी ते बंद केलं तर ते औषध पुन्हा कधीच नाही.

तान्ह्या बाळाचं वेगळं. चार आठवड्यांच्या आत डोलुटेग्राविर नाही, लोपिनाविर सिरप पहिल्या १४ दिवसांत तर अजिबात नाही, तेव्हा नेविरापिन किंवा राल्टेग्राविर. पण वाट बघत बसू नका, उपचार नसेल तर एचआयव्ही झालेल्या बाळांपैकी साधारण निम्मी दोन वर्षांच्या आत जातात.

सेंटरला गेलात की विचारा, १० ची विरघळणारी गोळी आहे का, आणि दर खेपेला पोराचं वजन करून घ्या कारण डोस वजनावर बदलतो. गोळी थोड्या स्वच्छ पाण्यात विरघळवून अर्ध्या तासाच्या आत पाजा, मग त्याच वाटीत अजून थोडं पाणी घालून तेही पाजा, तळाशी औषध राहतं.