सोलचा उन्हाळा: उकळतं सामग्येतांग की गारेगार नेंगम्यॉन?

जुलै-ऑगस्टमध्ये ‘बोक्नाल’चे, म्हणजे कोरियन पंचांगात सर्वांत उकाड्याचे मानलेले, तीन दिवस येतात आणि ऐन उकाड्यात सोलमध्ये सामग्येतांगसाठी रांगा लागतात. मातीच्या भांड्यात रटरटणारं सूप, त्यात अख्खी छोटी कोंबडी, तिच्या पोटात चिकट तांदूळ, जिनसेंगचं औषधी मूळ, लसूण, सुकी बोरं. उष्णतेवर उतारा उष्णतेचाच! घामाघूम आजोबा तृप्तीचे सुस्कारे टाकतात, आपण रुमाल शोधतो. चव मात्र आजारपणातल्या पेजेइतकी सौम्य. मीठ-मिरपूड ज्याची त्याने घालायची.

नेंगम्यॉन अगदी उलट. कुट्टूच्या शेवया, बर्फाळ रस्सा, वर काकडी नि अर्धं उकडलेलं अंडं. शेवया इतक्या चिवट की टेबलावर कात्री येते. मला हसू आवरेना, पण शेजारच्या कोरियन मंडळींना त्यात काहीच वावगं दिसलं नाही. गंमत म्हणजे हा पदार्थ मुळात हिवाळ्यातला! प्योंगयांग पद्धतीचा रस्सा पहिल्या घोटाला पाणचट लागतो; व्हिनेगर-मोहरी घातली की रंगतो. शाकाहाऱ्यांनी मात्र फसू नये, रस्सा बहुधा गोमांसाचा असतो.

माझं मत कोंबडीला, घामासकट. किमची, म्हणजे आंबवलेल्या कोबीचं तिखट तोंडीलावणं, काय, दोन्हीकडे फुकट आणि मागाल तितकी.