रोज स्टील तपासतो, आणि स्टीलमध्येच फसलो

जालन्याच्या एमआयडीसीत येणाऱ्या स्टीलची रासायनिक तपासणी करणं हे माझं रोजचं काम. सळईचं गाव आमचं. कमी निकेलचा माल कुणी 304, म्हणजे नेहमीच्या वापरातलं चांगलं स्टेनलेस, म्हणून खपवायला आणला, तर आमच्या लॅबमध्ये अर्ध्या मिनिटात उघडा पडतो. वीस वर्षं हे केलं आणि फसलो कशात, तर स्टीलमध्येच. तेही एका जुन्या शिडाच्या नावेपायी. लिहायची लाज वाटत होती, पण आपल्या भागातले आणखी दोघं-तिघं अशी नाव घ्यायच्या बेतात आहेत असं कानावर आलं.

नाव 26 फुटी, फायबरची, इंग्लंडमध्ये 1970 च्या दशकात बांधलेली. खाली एकाऐवजी दोन कील, म्हणजे तळाला पाण्यात उतरणारे जड पंखे, त्यामुळे ओहोटीला खाडीच्या चिखलात दोन पायांवर सरळ उभी राहते. आत चौघांची झोपायची सोय, छोटा ओटा, एक डिझेल इंजिन. मी आणि माझ्या मेहुण्याने मिळून सात लाखांत घेतली. मेहुणा सीए, त्यामुळे कागद त्याने बारकाईने पाहिले. परदेशी लोक कधी कधी अशा नावा इथे सोडून जातात आणि त्या स्वस्तात मिळतात, पण आयात शुल्क भरल्याचं बिल ऑफ एंट्री नसेल तर पुढे कस्टमचं लचांड मागे लागतं. आमच्या नावेचं ते होतं. तेवढी हुशारी केली आणि त्याच हुशारीच्या गुर्मीत राहिलो.

नानांनी, म्हणजे वडिलांनी, एकाच वाक्यात निकाल दिला होता. "काहून रे, नळाला आठ-आठ दिवस पाणी नाही अन् तू नाव घेतली?" गल्लीतल्यांना वाटलं, नाथसागरात सोडणार. जायकवाडीचं पाणी 1986 पासून पक्षी अभयारण्य आहे, तिथे मनात आलं म्हणून शीड उभारता येत नाही. आमचा बेत हिवाळ्यातल्या सुट्ट्यांमध्ये कोकण किनाऱ्याने फिरायचा होता.

ज्या दलालाने सौदा जमवला, तोच दुरुस्तीही करून देणार होता. आणि खरेदीआधी नाव तपासायला माणूस आला तोही त्याचाच. अर्ध्या पानाचा अहवाल, त्यात 'हल (नावेचं मुख्य धड) उत्तम स्थितीत'. दुसऱ्या कुणाचा माल असता, तर विकणाऱ्याच्या माणसाने दिलेला असला कागद मी टेबलावरून सरकवून दिला असता.

का नाही सरकवला? हा माणूस गोड बोलायचा आणि दर दुसऱ्या वाक्याला हसून म्हणायचा, "साहेब, तुमच्या मराठवाड्यात समुद्र नाही, तुम्हाला हे नाही समजायचं." खोटं तरी काय होतं त्यात? मला दोरांची नावं येत नव्हती, भरतीचं वेळापत्रक वाचता येत नव्हतं. अडाणी दिसू नये म्हणून मी प्रश्नच विचारायचं सोडलं. तो बोलला की मान डोलवायची. पन्नाशीच्या माणसाला हे शोभत नाही, पण झालं खरं.

त्याने सुचवलेलं काम मात्र योग्य होतं. डोलकाठीला चहूबाजूंनी ताणून धरणाऱ्या तारा आणि त्या तारा ज्या पट्ट्यांना अडकवतात त्या चेनप्लेट, हे सगळं दहा-बारा वर्षांनी बदलायचं असतं. चेनप्लेट डेकमधून आरपार खाली जाते. डेकच्या फटीत खारं पाणी साचतं, तिथे हवा पोचत नाही आणि स्टेनलेसवरचा क्रोमियमचा पापुद्रा एकदा फाटला की पुन्हा धरत नाही. वरून चकचकीत दिसणारी पट्टी आतून खात जाते. ती तुटली की डोलकाठी आडवी. म्हणून तिथे 316 ग्रेडचं स्टेनलेस घालतात. त्यात दोन-तीन टक्के मॉलिब्डेनम असतं आणि खाऱ्या पाण्यापुढे तेच टिकतं.

तारा, चेनप्लेट, तारा ताणायचे स्क्रू म्हणजे टर्नबकल, तळाचे व्हॉल्व्ह, मजुरी मिळून चार लाख वीस हजार. अर्धे रोख. व्हॉट्सॲपवर निरोप आला, "सगळं 316 आहे साहेब, मरीन ग्रेड", सोबत मिलचं टेस्ट सर्टिफिकेट. मी होकाराचा अंगठा पाठवला.

फेब्रुवारीत तीन-चार वेळा नाव बाहेर काढली. ते दिवस काय सांगू. इंजिन बंद करून शीड भरलं की जी शांतता पडते, तिच्यासाठी मी पुन्हा फसायला तयार होईन, असं त्या वेळी वाटलं होतं. मार्चअखेरीला नव्या चेनप्लेटवर तपकिरी ओघळ दिसले, कपाखाली चहा सांडल्यासारखे. फोन केला, तर उत्तर ठरलेलं. "समुद्रात असं होतंच साहेब. पॉलिश मारा."

एप्रिलच्या सुरुवातीला, किनाऱ्यावरचा हंगाम आटोपता घेऊन, आम्ही नाव मेहुण्याच्या शेडमध्ये आणली. मोठ्या ट्रेलरवर, समृद्धीने. टोलवरच्या पोरांनी फोटो काढून घेतले. पुढचे काही दिवस तपासणी वगैरे काही नाही, फक्त बघायला येणाऱ्यांना चहा. एका दुपारी लॅबमधला आमचा पोरगा आला. भंगारवाले वापरतात ती तपासणी द्रवाची बाटली आणि बॅटरी त्याच्या खिशात असतेच. गंमत म्हणून त्याने चेनप्लेटवर थेंब टाकला. 316 ला जो रंग यायला हवा, तो आला नाही. तो माझ्याकडे बघेना.

दुसऱ्या दिवशी पीएमआय गन, म्हणजे धातूत काय किती आहे ते दाखवणारं हातातलं यंत्र, नेली. चेनप्लेटमध्ये मँगनीज नऊच्या आसपास, निकेल जेमतेम एक, मॉलिब्डेनम शून्य. म्हणजे 200 सिरीज. लग्नात आहेर म्हणून आपण जी स्वस्त ताटं देतो, त्यांचं स्टील. डोलकाठी आमची ताटाला टांगलेली होती. तारा त्यातल्या त्यात बऱ्या निघाल्या, 304. लोहचुंबक लावून यातलं काही कळत नाही हेही सांगून ठेवतो, कारण बरेच जण तेवढ्यावर विसंबतात. 304, 316 आणि 200 सिरीज, तिन्हींना चुंबक सहसा धरत नाही.

मग ते सर्टिफिकेट पहिल्यांदा उघडलं. पहिल्यांदा! ग्रेड 316 बरोबर, रसायनंही बरोबर. फक्त ते 8 मिलिमीटर प्लेटचं होतं आणि आमच्या पट्ट्या 6 च्या. पट्टीवर हीट नंबरचा, म्हणजे माल कुठल्या घाण्यातून निघाला त्या क्रमांकाचा, ठोकाही नाही. दिवसाला दहा-बारा सर्टिफिकेटं वाचणाऱ्या माणसाने हे एक वाचलं नव्हतं.

त्यानंतर एकेक करत सगळं बाहेर आलं. 'गनमेटल' (तांब्या-कथलाचा मिश्रधातू) म्हणून लावलेले व्हॉल्व्ह साध्या पितळेचे. खाऱ्या पाण्यात पितळेतलं जस्त निघून जातं, तांब्याचा ठिसूळ सांगाडा उरतो. खरवडलं, तर एका हंगामातच गुलाबी झाक. हा व्हॉल्व्ह पाण्याच्या पातळीखाली असतो, तो फुटला तर काय होईल ते लिहायची गरज नाही. मे महिन्यात शेडमध्ये बेचाळीस अंश झाले आणि हलच्या तळावरचा नवा रंग जागोजाग फुगला. एक फुगा टोचला तर आंबट, व्हिनेगरसारखा वास. फायबरमध्ये वर्षानुवर्षं मुरलेल्या पाण्याचा हा रोग, त्यावर नुसता रंग फासलेला. नाण्याने ठोकून ऐकलं असतं तरी बद्द आवाज आला असता. एक गोष्ट मात्र नशिबाने जमली. असा हल महिनोन्महिने सुकवावा लागतो आणि त्या कामाला जालन्याच्या उन्हाळ्याइतकी बरी जागा कोकणात सापडणार नाही.

त्या माणसाने आधी फोन घेतला, मग घेणं बंद केलं. बिलावर 'साहित्य व मजुरी' एवढंच. ग्रेड नाही, जाडी नाही. तुम्ही काम देणार असाल तर कोटेशनमध्येच ग्रेड लिहून घ्या, सर्टिफिकेटवरचा हीट नंबर मालावर ठोकलेला मागा, आणि बसवण्याआधी एक तुकडा कुठल्याही लॅबमध्ये न्या. आणा आमच्याकडे, मी फुकट बघून देईन. नाव तपासणारा माणूस आपण शोधायचा, आपण पैसे द्यायचे, आणि विकणाऱ्याने त्याचं नाव सुचवलं असेल तर दुसरा बघायचा.

वकिलांचं म्हणणं, तक्रार जालन्याच्या जिल्हा ग्राहक आयोगात करता येते. 2019 च्या कायद्याने ग्राहक राहतो त्या जिल्ह्यात दाद मागायची सोय आहे, मुदत दोन वर्षांची. रोख दिलेले दोन लाख दहा हजार सिद्ध करणं अवघड जाईल. 'सगळं 316 आहे' हा निरोप मात्र फोनमध्ये आहे, आणि त्याखाली माझा अंगठाही.

नव्या चेनप्लेट मी इथेच करून घेतल्या, दोनदा तपासून. काढलेल्यांपैकी एक पुरावा म्हणून सीलबंद ठेवली आहे. दुसरी नानांनी मागून नेली, दाराला अडसर म्हणून लावली. म्हणाले, "इथं काही समुद्र नाही, टिकंल."