रामलिंगची दरी की गौताळ्याचं रान?

मावसबहिणीचा फोन आला. "दादा, दोन दिवस मोकळे आहेत. आई-अण्णा सोबत आहेत, नऊ वर्षांचं पोरगं आहे. मराठवाड्यातलं खरंखुरं रान दाखव, पण गोंगाट नको." मी एका दमात दोन नावं सांगून टाकली, रामलिंग आणि गौताळा. फोन ठेवल्यावर वाटलं, ही दोन नावं एका श्वासात घेण्यासारखी नाहीत. म्हणून तिला पाठवलेलं उत्तर इथं नीट लिहून काढतोय.

दोन्ही रानं एकाच रस्त्याला लागून आहेत. सोलापूर-धुळे महामार्ग धाराशिव सोडून उत्तरेकडं निघाला की येडशीला बालाघाटाच्या डोंगराच्या कुशीत रामलिंग येतं. तोच रस्ता पुढं बीड, छत्रपती संभाजीनगर, कन्नड असा जातो आणि औट्रम घाटातून चाळीसगावकडं उतरतो. त्या घाटाच्या अंगाला गौताळा आहे. रामलिंग घाट अभयारण्य १९९७ सालचं, सुमारे २२ चौरस किलोमीटरचं. गौताळा औट्रमघाट अभयारण्य १९८६ सालचं, सुमारे २६० चौरस किलोमीटरचं. म्हणजे रामलिंग गौताळ्याच्या बाराव्या हिश्श्याएवढं. पण आकारावरून ठरवू नका, त्यानं फसगत होते.

रान कशाला म्हणायचं, हेही बघा. आपल्याकडच्या टेकड्यांवर बऱ्याच जागी परदेशातून आलेली गिरिपुष्प आणि सुबाभूळ लावलेली आहे. पावसाळ्यात ती हिरवीगार दिसते, लांबून जंगल वाटतं. आत शिरलं की एकाच जातीची झाडं, आणि पाखरांची वर्दळ मला तरी तिथं कमीच दिसली. आपलं देशी रान याच्या उलट असतं. ते वर्षातले काही महिने चक्क उघडंबोडकं असतं. धावडा, सालई, खैर, पळस, टेंभुर्णी, आपटा, बेल, मोह अशी मिसळ, आणि ओढ्याच्या काठाला अर्जुन, उंबर, करंज. हे पानगळीचं जंगल आहे, पाणी वाचवायला ते पानं टाकतं. मे महिन्यात येऊन "इथं काय आहे?" म्हणणारे पुष्कळ भेटतात. त्यांना महिना चुकल्याचं सांगावंसं वाटतं.

आता रामलिंग. वर गाडी लावून पायऱ्या उतरत खाली गेलं की दरीत महादेवाचं देऊळ. पावसाळ्यात ओढा देवळाला वळसा घालून वाहतो, जवळच पाणी कड्यावरून पडतं. सीतेला घेऊन चाललेल्या रावणाला जटायूनं इथंच अडवलं, आणि तहानलेल्या जटायूसाठी रामानं बाण मारून पाणी काढलं, अशी कथा सांगतात. पोराला ही कथा दरीत उभं राहून सांगा, ती त्याच्या जन्मभर लक्षात राहील.

मी आईला घेऊन गेलो होतो ते आश्विनात, मंगळवारी, सकाळी साडेसातला. देवळात पुजारी आणि आम्ही दोघं. ओढा अजून वाहत होता. आई पायरीवर बसून राहिली, मी काठाकाठानं थोडं वर गेलो. अर्जुनाचे गुळगुळीत, पांढुरके बुंधे, त्यांच्या मुळ्यांनी धरलेले दगड, आणि पाण्याच्या आवाजाखाली बाकी सगळं झाकलेलं. वर रस्त्यावरून येणारा ट्रकच्या हॉर्नचा आवाज खाली पोचत नव्हता. मी परत आलो तर आई म्हणाली, "घाई नाही, अजून बसू." गुडघेदुखीनं चार जिने चढायला नको म्हणणारी बाई तिथं दोन तास बसली. चढताना मात्र तीनदा थांबावं लागलं, तेवढं अण्णांच्या बाबतीत धरून चला.

तेच रामलिंग श्रावणी सोमवारी बघाल तर ओळखणार नाही. दर्शनाची रांग, नारळ, खेळण्यांची दुकानं. श्रद्धेनं आलेल्या माणसांबद्दल माझी तक्रार नाही, देऊळ त्यांचंच आहे. पण शांतता हवी असेल तर श्रावण आणि रविवार दोन्ही टाळा. माकडं पिशवीवर झडप घालतात, खाऊ बाहेर काढू नका आणि त्यांना घालूही नका. आश्विनात गेलात तर बालाघाटाची सीताफळं रस्त्याकडेला मिळतात. सीताफळ मूळचं परदेशातून आलेलं, पण आता या डोंगरानं त्याला घरचंच मानलंय.

गौताळ्याचं गणित वेगळं. इथं देवळाच्या पायरीवर बसून रान भेटत नाही. कन्नडहून नाक्यावर नोंद करून आत गेलं की तलाव, सीता न्हाणी, मग नुसतं रान. दिवस काढायची तयारी हवी. आणि मी पावसाळ्यातल्या गौताळ्यापेक्षा फाल्गुनातलं गौताळं उजवं मानतो, इथं बहुतेक लोक माझ्याशी भांडतील. पावसाळ्यात धबधबे असतात, आणि धबधब्यापाशी स्पीकर असतात. फाल्गुनात गाड्या तुरळक. पळस पेटलेला, पांगारा आणि काटेसावर पानांशिवाय फुललेली, कांडोळाचा पांढराफटक बुंधा उन्हात चमकणारा. या झाडाला भुताचं झाड का म्हणतात ते संध्याकाळच्या उजेडात कळतं. मोहाची फुलं पहाटे गळतात, वास आधी येतो आणि झाड मागून सापडतं. अजिंठ्याच्या डोंगररांगेतलं अंजन मुद्दाम शोधा. पान आपट्यासारखं जोडीचं, लाकूड इतकं जड आणि कठीण की कुऱ्हाड बोथट व्हावी. चैत्रात त्याची कोवळी पालवी तांबूस येते.

आणि पाचोळा! फाल्गुनात स्वतःचं पाऊल इतकं वाजतं की माणूस आपोआप थांबत थांबत चालतो. थांबला की ऐकू येतं. मी आणि माझा मित्र एका नाल्याच्या कोरड्या पात्रात अर्धा तास न बोलता बसलो होतो. समोरच्या उतारावर काहीतरी खसफसत होतं. बिबट्या असेल या कल्पनेनं मित्राचा हात माझ्या मनगटावर घट्ट बसला. निघाला मोर. पण तो अर्धा तास मला अजून जसाच्या तसा आठवतो.

पितळखोऱ्याची लेणी याच अभयारण्यात आहेत. इसवी सनापूर्वीच्या दुसऱ्या शतकात सुरुवात झालेली बौद्ध लेणी, जोत्यावर ओळीनं कोरलेले हत्ती. दरीत उतरायला बऱ्याच पायऱ्या आहेत आणि परतताना ऊन डोक्यावर असतं. अण्णांना घेऊन हा बेत मी करणार नाही. कड्यांवर आग्या मोहळं असतात, त्यामुळं अत्तर नको, धूर नको, आरडाओरडा नको. फाल्गुनात काडीसुद्धा पेटवू नका. वणवा एका विडीनं लागतो.

तिकडं वाघ आहे का, असंही बहिणीनं विचारलं होतं, म्हणून सांगतो. २०२१ मध्ये गौताळ्याच्या कॅमेऱ्यात वाघ आला, तो यवतमाळच्या टिपेश्वर अभयारण्यातून चालत आलेला. डिसेंबर २०२४ मध्ये रामलिंगच्या कॅमेऱ्यात वाघ दिसला, तोही टिपेश्वरचाच. शेतं, रस्ते, नद्या ओलांडून शेकडो किलोमीटर. मला ही बातमी वाचून भीतीपेक्षा भरून आलं. आपण ज्याला उरलंसुरलं रान म्हणतो, त्यात त्या जनावराला अजून वाट सापडते. तुम्ही मात्र निघण्याआधी वनखात्याच्या नाक्यावर चौकशी करा, आणि दोन्हीकडं सूर्य मावळायच्या आत बाहेर पडा.

तिसरं नाव पैनगंगा अभयारण्याचं, थोडक्यात. नांदेडच्या बाजूनं किनवटकडं गेलात तर सागाचं दाट रान आणि नदी खऱ्या अर्थानं सोबत चालते. पैनगंगेच्या या काठाला मराठवाडा, पलीकडं विदर्भ. इस्लापूरजवळचा सहस्रकुंड धबधबा पावसाळ्यात पाहावा असा आहे, पण तिथं गर्दीही तशीच. लातूर-धाराशिवहून हा पल्ला दोन दिवसांत आई-अण्णांना झेपणारा नाही. नांदेडमध्ये मुक्काम असेल तर मात्र आधी तिकडंच जा.

बहिणीला शेवटी असं सांगितलं. दिवाळीआधी सगळे मिळून रामलिंगला जा, मधल्या वारी, सकाळी आठच्या आत. पाऊस बरा झालाय, ओढ्याला पाणी असेल. दुसरा दिवस मोकळा ठेव, दोन्ही रानं एका फेरीत उरकायला जाऊ नकोस. मधलं अंतर पावणेतीनशे किलोमीटरच्या घरात आहे, सगळा वेळ गाडीत जाईल. गौताळ्याला फाल्गुनात पोराला घेऊन ये, आई-अण्णा कन्नडला माझ्या मित्राकडं थांबतील. पोराच्या पायात बूट हवेत, दोन लिटर पाणी हवं, आणि मोबाइल गाडीत.

तिनं विचारलं, "मोबाइल गाडीत? फोटो कसे काढायचे?" म्हटलं, एक वही आणि पेन्सिल दे त्याला. पडलेली पानं वहीच्या एका कागदाखाली ठेवून वरून पेन्सिल घासली की शिरांसकट ठसा उमटतो. अंजन आणि आपटा शेजारी शेजारी घेऊन दाखव, फरक तो स्वतःच शोधेल.